गॅस पिस्तुलाला तेल घातलं आणि नेम गेला! साफसफाई नक्की करायची कशी?

तेलकट बोटं:
जाणकारांची मदत हवी आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगतो, नंतर "हे आधी का नाही सांगितलं" नको.

माझं एअरसॉफ्ट पिस्तूल (खेळातलं, प्लास्टिकच्या गोळ्या मारणारं) गॅस ब्लोबॅक आहे, म्हणजे गॅसच्या दाबाने स्लाइड, वरचा सरकता भाग, मागे जाते. ग्रीन गॅसवर चालतं, स्लाइड धातूची. सहा महिने काही तक्रार नव्हती. मागच्या रविवारी धुळीत लोळून खेळलो, घरी येऊन स्लाइड ओढली तर करकर आवाज. म्हटलं साफ करू. घरात गंजलेले नट-बोल्ट सोडवायचा स्प्रे होता. त्याची बारीक नळी बॅरलच्या तोंडात घालून सुर्रकन मारला, मग स्लाइडच्या खाचांत, मग मॅगझिनच्या वरच्या रबरावर, आणि उत्साह उरला होता म्हणून चापाच्या आसपासही. फडक्याने पुसल्यावर असं चमकायला लागलं की फोटो काढून मित्रांना पाठवला.

आता बीबी, म्हणजे त्या गोळ्या, दहा मीटरच्या आत जमिनीला टेकतात. मधेच एखादी उगाच वर उडून जाते. स्लाइड पुढे येताना शेवटच्या बोटभर अंतरात रेंगाळते, अंगठ्याने ढकलावी लागते. आणि रात्री भरलेलं मॅगझिन सकाळी रिकामं. काल झोपताना कानाला लावलं तर बारीक "सूं" ऐकू येतं.

काय चुकलं ते साधारण कळलंय. आता निस्तरायचं कसं?

स्प्रिंग कुठे गेली:
"उरलेला उत्साह" 😄 आपण सगळे कधी ना कधी तिथे होतो. वाचतोय.

पाच पंच्याण्णव:
हात लावण्याआधी एक गोष्ट. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, हा समज नव्या लोकांत फार आहे. खऱ्या पिस्तुलात स्लाइड ओढली की चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं. आपल्याकडे ते ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर शोभेचा. हॉप-अपच्या, म्हणजे बीबीला गिरकी देणाऱ्या, रबराने धरलेली बीबी स्लाइड दहादा ओढली तरी तिथेच बसून राहते. मॅगझिन काढून चाप ओढलात तरी निघत नाही, कारण गॅस मॅगझिनमध्ये असतो. मग नंतर कधीतरी मॅगझिन घालून "सहज" चाप ओढला जातो आणि ती निघते.

म्हणून मॅगझिन काढा, स्लाइड मागे अडकवा, चेंबरमध्ये टॉर्च मारून बघा. बीबी दिसली तर साफसफाईची काडी बॅरलच्या तोंडातून हलकेच आत सरकवा, ती मागून खिडकीतून पडेल. चष्मा घालूनच. नळीत डोळा लावून तपासणारे मी पाहिलेत.

गंजका खिळा:
तेलकट बोटं, घाबरू नका, बहुतेक काही कायमचं बिघडलेलं नाही. वेळ आहे, नीट लिहितो.

आधी नेमाचं. बॅरलच्या मागच्या टोकाला हॉप-अपचं रबर असतं, त्याच्या छताला आतून एक छोटा उंचवटा. बीबी त्याखालून जाताना वरच्या बाजूने घासली जाते आणि उलटी फिरत बाहेर पडते. ती उलटी गिरकी तिला हवेत उचलून धरते, ज्याला मॅग्नस परिणाम म्हणतात. म्हणजे तुमचा सगळा पल्ला त्या रबराच्या घासण्यावर उभा आहे, आणि तुम्ही नेमकं तिथेच तेल घातलंत. घासणं संपलं, गिरकी संपली, बीबी दगडासारखी पडते. मधेच रबरावरचा एखादा भाग पुसला जातो, तेवढ्यापुरती पकड येते आणि ती एकटी बीबी वर उडते. पल्ला कमी दिसतो म्हणून तुम्ही हॉप वाढवून ठेवला असेल तर जास्तच उडते.

बॅरलचंही गणित बघा. बीबी ५.९५ मिलिमीटरची, नेहमीच्या आतल्या बॅरलचं भोक ६.०८ च्या आसपास, घट्ट बॅरल असेल तर ६.०३ किंवा त्याहून कमी. चहूबाजूंनी वाटलं तर साध्या बॅरलमध्येही एका बाजूला ०.०६५ मिलिमीटर जागा उरते. एवढ्या फटीत तेलाचा थर आणि त्याला चिकटलेली धूळ म्हणजे दर बीबीला वेगळा धक्का. बॅरलला आतून तेल लागतच नाही. आतली नळी बहुतेक वेळा पितळेची किंवा ॲल्युमिनियमची असते, लोखंडासारखी गंजण्याची भीती नाही.

आता कृती. स्लाइड उतरवा, रिकॉइल स्प्रिंग आणि तिची दांडी काढा, मग बॅरल. हॉप पूर्ण शून्यावर आणा, नाहीतर काडी त्या उंचवट्याला ओरबाडेल. पिस्तुलासोबत आलेल्या काडीच्या फटीत पातळ सुती चिंधी अडकवा. जुन्या बनियनची उत्तम, पण दोरे सुटणारी नको. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून घट्ट पिळा. आत ओघळ जाता कामा नये. बॅरलमधून फिरवत एक फेरी, चिंधी बदला, दुसरी फेरी. पहिली चिंधी काळपट निघते, दुसरी राखाडी. पांढरी निघेपर्यंत करा आणि मग किमान दोन फेऱ्या कोरड्या चिंधीच्या.

तुमच्या बाबतीत रबर काढून धुवावंच लागेल. हॉपचं युनिट उघडताना रबराची वरची बाजू कोणती, ते फोटो काढून ठेवा. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, बोटांत चोळा, धुवा, पूर्ण वाळू द्या. फुगलेलं किंवा चिकचिकीत वाटलं तर बदला. स्वस्तातला भाग आहे, त्यावर जीव लावू नका.

मधली सुट्टी:
एवढं सगळं? मी तर सिलिकॉन स्प्रे सगळीकडे मारतो, तीन वर्षं झाली, काही झालेलं नाही. आणि ग्रीन गॅसमध्ये तेल असतंच की. वेगळं घालायची गरज काय?

गंजका खिळा:
गॅसमध्ये तेल असतं, मान्य. ग्रीन गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि त्यात थोडं सिलिकॉन तेल. ते व्हॉल्व्हला आणि दट्ट्याला पुरतं. पण साध्या प्रोपेनच्या बाटलीला अडॅप्टर लावून कोणी भरत असेल तर त्यात तेल नसतं, तिथे भरण्याच्या व्हॉल्व्हवर अधूनमधून थेंब टाकावाच लागतो. शिवाय गॅसमधलं तेल स्लाइडच्या खाचांत किंवा घोड्याच्या पिनेवर थोडंच पोचतं?

"सगळीकडे" या शब्दाला मात्र माझा आक्षेप आहे. सिलिकॉन रबराला जपतं, पण धातूवर धातू जोरात घासत असेल तर त्याचा थर टिकत नाही. तुमची स्लाइड प्लास्टिकची आहे का? टोक्यो मारुईची बरीच पिस्तुलं एबीएस प्लास्टिकच्या स्लाइडची आणि १३४ए गॅस (ग्रीन गॅसपेक्षा कमी दाबाचा) धरून बनवलेली असतात. तिथे सिलिकॉनवर भागतं. धातूच्या स्लाइडला खाचांत टेफ्लॉनचं किंवा पांढरं लिथियम ग्रीस हवं.

मधली सुट्टी:
हो, प्लास्टिकचीच आहे. ठीक, अर्धा मुद्दा मागे घेतो. अर्धाच. आणि तो गंजाचा स्प्रे वाईट का, हे कोणी नीट सांगेल का? सगळे नुसतं "नको" म्हणतात.

पाच पंच्याण्णव:
तो मुळात वंगण कमी आणि पातळ पेट्रोलियम द्रावक जास्त. द्रावक उडून जातं, मागे पातळसा चिकट थर राहतो आणि त्यावर पुढच्या रविवारची धूळ बसते. शिवाय जुनं ग्रीस धुऊन नेतं ते वेगळंच. रबराचं म्हणाल तर सगळी रबरं सारखी नसतात. नायट्राइलच्या ओ-रिंगला खनिज तेल फारसं बाधत नाही, नैसर्गिक किंवा सिलिकॉनचं रबर मात्र त्यात फुगतं. मॅगझिनमधलं कुठलं रबर कशाचं आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून तिकडे जायचंच नाही.

उलटही खरं आहे बरं का. सिलिकॉनच्या रबराला सिलिकॉन तेलही फुगवतं. काही हॉप-रबरं सिलिकॉनचीच असतात. तो भाग कोरडा ठेवायचं हे आणखी एक कारण.

स्प्रे घेताना डब्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. "सिलिकॉन" असं मोठ्ठं छापलेल्या डब्यात द्रावकही असू शकतं. मी स्प्रे सोडून शुद्ध सिलिकॉन तेलाची ड्रॉपर बाटली वापरायला लागलो तेव्हापासून निम्मे त्रास कमी झाले. स्प्रेला थेंब माहीत नसतो. रिमोटच्या गाड्यांच्या शॉक-ॲब्झॉर्बरमध्ये घालतात ते तेलही बहुतेक वेळा शुद्ध सिलिकॉनच असतं, तेही चालतं.

हळद्या:
मग ग्रीस नक्की कुठे आणि तेल कुठे? कोणी एका दमात सांगा ना, मी कागदावर लिहून पिस्तुलाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवणार आहे.

गंजका खिळा:
एका दमात जमत नाही, दोन घ्या.

स्लाइड आणि फ्रेम जिथे एकमेकांवर सरकतात त्या खाचांत ग्रीस, काडेपेटीच्या काडीच्या टोकावर मावेल एवढंच, चार जागी. स्लाइड बसवून वीसेक वेळा मागेपुढे करा, बाहेर जेवढं डोकावेल तेवढं पुसा. बाहेरच्या बॅरलचा जो भाग स्लाइडला घासून चमकतो तिथेही बोट फिरवल्याएवढं. घोडा, त्याला अडवून धरणारा सिअर, चापाची दांडी यांच्या घासणाऱ्या कडांवर अगदी किंचित. रिकॉइल स्प्रिंगच्या दांडीवर नुसता हात.

हॉपचं सोडून बाकी रबराचं सगळं सिलिकॉनवर. स्लाइडच्या आत मागे ब्लोबॅकचं युनिट असतं. चाप ओढला की गॅस आधी पुढे जाऊन बीबी ढकलतो, मग नॉझलमधला छोटा तरंगता व्हॉल्व्ह पुढची वाट बंद करतो आणि गॅस मागे वळून दट्ट्यावर दाब देतो, स्लाइड मागे जाते. त्या दट्ट्याच्या रबरी वाटीला किंवा ओ-रिंगला सिलिकॉनचा एक थेंब. ती कोरडी पडली की गॅस बाजूने निसटतो आणि लाथ मवाळ होते. नॉझलच्या बाहेरच्या बाजूंना पुसट थर, त्याच्या तोंडाला मात्र नाही, कारण ते थेट हॉप-रबरात शिरतं.

एक तपास नेहमी करतो. स्लाइड उलटी धरून नॉझल बोटाने पुढे ओढायचं आणि सोडायचं. टुणकन आत परत गेलं पाहिजे. आळसावून गेलं तर आत मळ आहे किंवा नॉझलची केसाएवढी स्प्रिंग हुकातून सुटली आहे. तुमची रेंगाळणारी स्लाइड मला यातलीच वाटते.

मॅगझिनच्या वर गॅस बाहेर पडतो तिथलं रबर, त्यावर एक थेंब चोळून पुसायचं. बीबी जिथून वर येतात ते ओठ, बीबींची नळी आणि तिची स्प्रिंग कोरडी ठेवा. तिथे तेल घातलंत की प्रत्येक बीबी स्वतःसोबत तेल घेऊन हॉपमध्ये जाते, आणि मग तुम्ही बॅरल कितीही घासा.

रात्रपाळी:
मॅगझिनच्या गळतीवर मी बोलते, कारण त्यात माझे बरेच महिने गेलेत.

आधी गळती कुठून आहे ते बघा. थोडा गॅस भरा आणि मॅगझिन साध्या पाण्याच्या भांड्यात बुडवा. पहिले बुडबुडे फसवे असतात, ती फटींतली अडकलेली हवा. दोन मिनिटं थांबा. मग जिथून मण्यांची माळ एकसारखी वर येते तीच गळकी जागा. खालून येत असेल तर भरण्याचा व्हॉल्व्ह किंवा तळाच्या झाकणाचं गॅस्केट, मागच्या बाजूने असेल तर गॅस सोडणारा व्हॉल्व्ह. पाण्यातून काढल्यावर हलवून, पुसून वाळवा. स्प्रिंगा लोखंडाच्या असतात.

उघडण्याआधी गॅस पूर्ण सोडून द्या, मोकळ्या हवेत, जवळ ज्योत नको. प्रोपेन पेटतो. आणि द्रव गॅस बोटावर उडाला तर थंडीने भाजतं, मला अनुभव आहे. भरण्याचा व्हॉल्व्ह खाचेच्या पेचकसाने निघतो, सोडण्याच्या व्हॉल्व्हला दोन दात असलेली किल्ली लागते. ती नसताना पकडीने प्रयत्न करू नका, व्हॉल्व्हच्या कडा खराब होतात आणि मग नवीनच घ्यावा लागतो.

बाहेर आल्यावर ओ-रिंग भिंगाखाली बघा. बहुतेक वेळा रबर ठीक असतं, त्याला एखादा कण चिकटलेला असतो. पुसा, ओ-रिंग रात्रभर सिलिकॉन तेलात बुडवून ठेवा, बसवा. माझ्या पाच गळत्यांपैकी चार अशा गेल्या, पाचवीला ओ-रिंग चिरलेली होती.

स्प्रिंग कुठे गेली:
मॅगझिन गॅस भरून ठेवायचं की रिकामं? मला दोन्ही सल्ले मिळालेत.

रात्रपाळी:
ग्रीन गॅसचं असेल तर थोडा गॅस ठेवून. आतल्या दाबाने ओ-रिंगा आपापल्या जागी दाबलेल्या राहतात. पूर्ण रिकामं महिनोन्‌महिने पडलं की त्या सुकतात, सैल बसतात आणि पुढच्या भरण्याला फसफसतात. पूर्ण भरून नाही, एक-दोन सेकंद भरल्याएवढं, आणि उन्हात किंवा गाडीत नाही.

कार्बन डायऑक्साइडच्या १२ ग्रॅमच्या नळकांड्याचं नेमकं उलटं. ते टोचलेलं ठेवून विसरायचं नाही. खेळ संपला की उरलेला गॅस उडवून नळकांडं काढायचं. नवीन लावताना त्याच्या मानेवर सिलिकॉनचा थेंब, म्हणजे टोचणारं रबर टिकतं.

पाच पंच्याण्णव:
त्यामागचे आकडेही बघा. २० अंश सेल्सिअसला १३४एचा निरपेक्ष दाब साधारण ५.७ बार, प्रोपेनचा ८.४ आणि कार्बन डायऑक्साइडचा सुमारे ५७. प्रोपेनच्या सातपट दाब रात्रंदिवस एका रबरावर कशाला ठेवायचा?

याच आकड्यांत आणखी एक गंमत आहे. मॅगझिनमध्ये द्रव शिल्लक असेपर्यंत दाब किती भरलंय यावर नाही, तापमानावर ठरतो. प्रोपेन शून्य अंशाला ४.७ बारवर येतो. भराभर गोळीबार केला की द्रव उकळून मॅगझिन गार पडतं, स्लाइड मलूल होते, आणि माणूस म्हणतो "तेल कमी पडलं वाटतं". तेल ओततो. मॅगझिन हातात पाच मिनिटं धरलं असतं तर काम झालं असतं.

हळद्या:
हे माझं वर्णन आहे. 😐

मधली सुट्टी:
भरताना बाटली सरळ धरणारे पण दाखवा कोणी. बाटली उलटी, मॅगझिनही उलटं, म्हणजे द्रव खाली उतरतो. माझा भाऊ सरळ धरून भरायचा आणि "ही बाटली रिकामी दिली" म्हणून चिडायचा.

स्प्रिंग कुठे गेली:
किती दिवसांनी करायचं हे सगळं?

गंजका खिळा:
दर खेळानंतर बाहेरून पुसणं आणि बॅरलमधून एक कोरडी चिंधी, पाच मिनिटांचं काम. बीबी एकाएकी भरकटायला लागल्या तर अल्कोहोलची चिंधी. खाचांतलं ग्रीस काळं पडलं की पुसून नवीन, जुन्यावर थर चढवत जायचं नाही. पूर्ण उघडणं क्वचितच. चांगलं चाललेलं पिस्तूल केवळ हौस म्हणून उघडू नका. आणि जमिनीवरून वेचलेल्या बीबी परत भरू नका. एका वाळूच्या कणाने हॉप-रबर चिरतं, मग कुठलीच साफसफाई उपयोगाची नाही.

तेलकट बोटं:
अहवाल देतो.

काल रात्री पांढरा टॉवेल अंथरून बसलो. दांडी काढताना रिकॉइल स्प्रिंग उडाली, कपाटाखाली गेली, अर्धा तास तिच्यात. (वरचं आयडी वाचून हसू आलं.) स्लाइडच्या खाचांतून जे निघालं ते ग्रीस नव्हतं, चिखल होता. राखाडी, बोटांत चोळलं तर कुरकुरणारा. स्प्रे आणि मैदानातली माती यांचं लुकण. टूथब्रश आणि अल्कोहोलने काढलं, मग सांगितलं तेवढंच ग्रीस. काडीच्या टोकावरचं बघून वाटलं हे काय पुरणार, पण पुरलं.

नॉझल ओढून सोडलं तर आळसावलेलंच होतं. पुसून, दट्ट्याला एक थेंब दिला, आता टुणकन जातं. हॉपचं रबर साबणाने धुतलं. फुगलेलं नाही असं वाटतं. बॅरलला सात चिंध्या लागल्या.

आज सकाळी अंगणात पुठ्ठा लावून बघितलं. पहिल्या तीन-चार बीबी अजून खाली पडल्या, त्यानंतर सरळ. हॉप शून्यावरून हळूहळू वाढवत नेला. २० मीटरवर पुठ्ठ्यात सगळ्या ताटाएवढ्या गोलात आहेत, आधीही एवढंच जमत होतं.

मॅगझिनचे बुडबुडे भरण्याच्या व्हॉल्व्हमधून होते. काढला तर ओ-रिंगवर फडक्याचा निळा दोरा. म्हणजे तोही माझाच पराक्रम. ओ-रिंग तेलात बुडवून ठेवली आहे. उद्या बसवतो.

गंजका खिळा:
पहिल्या तीन-चार खाली पडणं ठीक आहे, रबरावर उरलेला अंश त्या पुसून नेतात. उद्याही तसंच झालं तर मॅगझिनचे ओठ पुसा, तिथे तेल राहिलं असेल.

रात्रपाळी:
व्हॉल्व्ह बसवल्यावर कानाने नका तपासू. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, भरून लगेच वजन करा, सकाळी परत करा. गॅसला वजन असतं.

तेलकट बोटं:
रात्री ११ वाजता ३१२ ग्रॅम. आत्ता सकाळी ७ वाजता ३१२ ग्रॅम. ओठही पुसले, तेलकट होते.

स्प्रिंग कुठे गेली:
आता फोटो टाका. चमकणारा नको, चिखलाचा.